टाळूवरचा ठिपका

७ जानेवारी २०१३, सोमवार

आजपासून कामाला लागले. जागा झकास आहे. खाली बाग, वर दोन मजले, फरशी अशी की तोंड बघून घ्यावं. इथे दवाखाना म्हणायचं नाही, संशोधन केंद्र म्हणायचं. मेंदू कसा चालतो, माणूस भलतंसलतं का वागतो आणि त्याला ताळ्यावर कसं आणायचं, ते इथे शोधतात म्हणे. मी म्हटलं, आमच्या मोऱ्याच्या मासळीच्या धक्क्यावर या, शोधायला भरपूर मिळेल. पाठारे डॉक्टर हसले. निशाने डोळे वटारले.

निशा माझ्या भावाची मुलगी. इथलं मशीन तीच चालवते आणि तिच्याच शब्दावर मला घेतलंय. राहतेही मी तिच्या खोलीवर. मासळीची टोपली वाहून माझी मान गेली आणि गिऱ्हाइकांशी भांडून तोंड विटलं. आता सावलीतलं काम, दुपारी गरम जेवण, निळी साडी फुकट. ही डायरीही फुकट, औषध कंपनीची. निशाने दिली. म्हणाली, आत्या, मनात येईल ते आधी यात लिहीत जा, म्हणजे लोकांना कमी ऐकावं लागेल. चौथीनंतर एवढं कधी लिहिलं नव्हतं. बोटं दुखली, पण बरं वाटलं.

१० जानेवारी, गुरुवार

पेशंट तीनच, पण तिघांच्या तीन तऱ्हा. सुनंदाबाई शाळेत मराठी शिकवायच्या. मुलगा गेल्यापासून खाटेवरून उठत नाहीत, पण माझं बोलणं सुधारायला तोंड बरोबर उघडतं. मी पानी म्हटलं की त्या पडल्या पडल्या पाणी म्हणतात. जगन न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. त्याच्या कानात कुणीतरी शिव्या देतं आणि हा उलट देतो, अर्ध्या आगरीत, अर्ध्या हिंदीत. भिंतीला घाम फुटेल असल्या. तिसरी दिपा. कातकऱ्याची पोर, तळोज्याच्या अंगाला वीटभट्टीवर कामाला होती. बाळंत झाली आणि बोलायची थांबली. बाळ आता बसायला लागलं, पण आईने त्याला एकदाही हाक मारलेली नाही. भरवलं तर खाते, उठवलं तर उठते. डॉक्टर म्हणतात, डोक्यातली एक बत्ती विझलीय, ती मशीनने पेटवायची.

मशीन निशाने माझ्यावरच दाखवलं. दोन गोल चकत्या चष्म्यासारख्या जोडलेल्या, मागून जाड वायर. ते डोक्याला लावलं की गॅसच्या लायटरसारखं टक टक वाजतं. आणि माझा अंगठा उडाला. मी हलवला नव्हता. जिवंत कोळंबीसारखा आपला आपण उडाला. मी निशाला चार शब्द सुनावले.

प्रत्येकाची जागा वेगळी असते म्हणे. अंगठा उडतो ती जागा आधी शोधायची, तिथून पट्टीने मोजून पुढे यायचं आणि पेशंटच्या टोपीवर तिथे काळा ठिपका द्यायचा. टोपी पांढरी, पोहायला घालतात तसली, वर नाव. मशीन त्या ठिपक्यावरच लावायचं. बोटभर इकडेतिकडे झालं तर भलतीच बत्ती पेटेल. म्हणून टोप्यांना निशाशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि दर सोमवारी तिने परत मोजून बघायचं. केसांना तेलही नाही. तेल नाही म्हटल्यावर मला जरा राग आला. बायकांची डोकी भाताच्या पेंढ्यासारखी झालीत.

१७ जानेवारी, गुरुवार

गुरुवार हा भेटीचा वार. दिपाची सासू शुक्री बाळाला घेऊन आली. काळी, काटकुळी, हसली की सगळं तोंड हसतं. दिपाला बाळ दाखवलं, तिने भिंत बघितली. शुक्रीने काही मनाला लावून घेतलं नाही. खाली फरशीवर बसली, कनवटीची बाटली काढली आणि बाळाची टाळू भरायला लागली. खोबरेल तेल, तीन बोटं, हळूहळू. टाळू अजून मऊ आहे, श्वास घेतल्यासारखी वरखाली होते.

फरशीवर तेल सांडलं म्हणून मी बोलायला लागले. मला पुसायला लागणार होतं, बोलणार नाही तर काय. तर तिने ओठांवर बोट ठेवलं. म्हणाली, बाय, टाळू भरताना तोंड सांभालायचं. दरवाजा उघडा हाय. वाईट बोललीस तर तेलाच्या बरोबर आत जाईल, मग जन्मभर निघायचं नाय. सुईण आहे ती, शंभर पोरं काढलीत म्हणे, वाडीतली, भट्टीवरची. मी म्हटलं, माझ्या आईने माझी टाळू भरताना कुणाशी तरी जोरदार भांडण केलेलं दिसतंय. शुक्री हसून हसून लोळली. बाळही हसलं.

दिपा भिंत बघत होती. पण बाळ हसलं तेव्हा तिचा हात हलला. एवढासा. मशीनशिवाय. मी निशाला सांगितलं, निशाने डॉक्टरांना. डॉक्टर म्हणाले, बत्ती लुकलुकायला लागली, असंच चालू ठेवा, उन्हाळ्यापर्यंत पोर घरी जाईल.

२२ जानेवारी, मंगळवार

आज एक घोटाळा झाला. लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

टोप्यांना वास येत होता. जगनची तर सुक्या बोंबलासारखी. हात लावायचा नाही म्हणे. घाणीला हात लावायचा नाही तर मला ठेवलीय कशाला? निशा दुपारनंतर सुट्टीवर होती, तळोज्याला मुलगा बघायला गेली होती. मी चादरींबरोबर टोप्यापण ब्लीचमध्ये टाकल्या. लखलखीत निघाल्या. नावं तेवढी राहिली, ती धाग्याने शिवलेली. ठिपके गेले.

उद्या सकाळी मशीन. निशाला सांगितलं तर ती डॉक्टरांना सांगणार, मग माझी निळी साडी गेली आणि माझ्यामागून तीही गेली. माझ्यासाठी शब्द तिनेच टाकलेला. पेन ड्रॉवरमध्ये होतं. ठिपका पुढच्या बाजूला कुठेतरी, एवढं आठवत होतं, नेमका कुठे ते नाही. मग आरशासमोर एकेक टोपी माझ्याच डोक्यावर घातली. बोट आपसूक टाळूवर गेलं. मेंदूचा दरवाजा तोच, सगळ्या जगाला माहीत आहे, तेलपण तिथूनच जातं. तिथे ठिपका दिला. तिन्ही टोप्यांवर तिथेच. पेन झिरपलं, माझ्या टाळूवरपण काळं लागलं. तोंडाने बडबड चालूच होती, मधे मधे च्च. मेला, कोनाला कलतंय, मेला, कोनाला कलतंय. घाई झाली की मी असंच बोलते. मोऱ्याला तराजूचा काटा मारताना लागलेली सवय.

झालं. सुकवून जागेवर ठेवल्या.

२८ जानेवारी, सोमवार

आज निशा परत मोजणार होती. तिचा फोन चालू होता, मुलाकडून होकार आलाय. टोपी घातली, ठिपका बघितला, मशीन लावलं. पट्टी काढलीच नाही. मी बादली घेऊन दारात उभी होते. सुटले. पण सुटले म्हणताना दिपाच्या डोक्याकडे बघवलं नाही. टक टक चालू होतं आणि तिचा अंगठा हलत नव्हता. डोळे हलत होते.

३१ जानेवारी, गुरुवार

दिपा बोलली.

डॉक्टर समोर बसले होते. रोज विचारतात तसं विचारलं, दिपा, आज कसं वाटतंय. तिने जीभ टाळ्याला लावून च्च केलं आणि म्हणाली, मेला, कोनाला कलतंय.

डॉक्टर खुर्चीतून उठले. निशाने माझा हात धरला, तिच्या डोळ्यांत पाणी. एवढ्या महिन्यांनी पहिला शब्द. डॉक्टरांनी पेढे मागवले आणि उद्यापासून मशीन दोन वेळा द्यायला सांगितलं.

पेढा माझ्या तोंडात फिरत राहिला. कातकरी असं बोलत नाहीत. ते आम्ही बोलतो, मोऱ्याचे. आणि ती च्चसुद्धा माझीच. मागच्या वरच्या दाताला जीभ लागते ती. मी पोरीसमोर असं कधी बोललेही नव्हते. बोलले ते बंद खोलीत, आरशासमोर.

५ फेब्रुवारी, मंगळवार

जगन गप्प झाला. शिव्या बंद. डॉक्टर खूश. विचारलं, आवाज गेले का. म्हणाला, नाही गेले, पण आता एकच येतो, बाईमाणसाचा. काय म्हणतो, तर तेच. त्याच च्चसकट. एवढा दाढीवाला बाप्या, आणि मेला म्हणताना मान उडवतो माझ्यासारखी.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. कशाला बघतील. फरशी पुसणारी बोलते कशी हे कोण ऐकतं.

आता सांगायला हवं. उद्या सांगते.

७ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं नाही. शुक्री आली होती. दिपा स्वतः उठून आंघोळ करते, वेणी घालते, ताट उचलते, हे बघून ती माझ्या पाया पडली. माझ्या. म्हणाली, बाय, तू केलंस. मला खरंच जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं.

मग बाळाला दिपाच्या मांडीवर दिलं. बाळ आता पुढे पुढे सरकतं. ते मांडीवरून घसरायला लागलं. दिपा बघत होती. हात बाजूलाच होते, धरायला एवढासा हात पुढे करायचा होता. केला नाही. बाळ फरशीवर आपटलं, ओरडायला लागलं. दिपाने त्याच्याकडे बघून च्च केलं आणि म्हणाली, कोनाला कलतंय.

शुक्री बाळाला उचलून हसत होती, सून बोलली म्हणून. भिंतीकडे बघत होती तेव्हासुद्धा बाळ हसल्यावर त्या पोरीचा हात हलला होता. मी बघितला होता. तो हलता हात मी मारला.

११ फेब्रुवारी, सोमवार

सुनंदाबाईंनी आज जेवणाचं ताट मांडीवर उपडं केलं. मी म्हटलं, पानी आनते. मुद्दाम म्हटलं. सुधारतील म्हणून वाट बघितली. त्या हसल्या आणि माझ्याच बोलीत तेच बोलल्या.

दुपारी दिपाची वेणी घालत होते. भांगातून बोट फिरवलं आणि टाळूवर बोट आत गेलं.

मऊ. बाळाच्या टाळूसारखी. खाली ठक ठक उडत होतं. एवढी थोराड पोर. मी हात काढून घेतला. ती मागे वळून बघत राहिली, शांत. नंतर बाकीच्या दोघांचं डोकं पुसायचं निमित्त केलं. दोघांचीही तशीच.

दरवाजे उघडे आहेत. मी उघडले. आणि उघडताना तोंड सांभाळलं नाही.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

निशाला सगळं सांगितलं. ब्लीच, पेन, आरसा. ती पांढरी पडली. मग म्हणाली, मीपण मोजलं नाही आत्या, तीन सोमवार. माझं लग्न ठरलंय. पेशंट बरे होतायत, डॉक्टर ते परदेशात वाचून दाखवणार आहेत, आता तोंड उघडून कुणाचं भलं होणार आहे? म्हणाली, कुणाला कळतंय.

तिच्या टाळूला मी हात लावून बघितला. कडक आहे. ते ती स्वतःच्या मनाने म्हणाली. मला जास्त भीती त्याची वाटली.

शुक्री आज बाळाला घेऊन आली होती. बाळ रांगायला लागलं. म्हणाली, भट्टीवर कामाला जाताना आता ह्याला आईजवळ ठेवता येईल, पुढच्या गुरुवारी सुनेला नेते. डॉक्टरांनी हो म्हटलंय.

१८ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांच्या खोलीत गेले. दार लावून सांगितलं. निशाचं नाव घेतलं नाही. म्हटलं, मला हाकला, पोलिसात द्या, पण दिपाला बाळासकट घरी पाठवू नका. ती त्याला मरताना बघत बसेल.

ते रागावले नाहीत. टोपी पुढे ठेवली आणि नेमकं कुठे ते दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. त्यांनी मोजलं, लिहून घेतलं. म्हणाले, तिघांनाही गुण आलाय मावशी, म्हणजे जागा हीच बरोबर असणार, आपण उगाच दुसरीकडे शोधत होतो.

मग पेन खाली पडलं, ते उचलायला वाकले. टक्कल आहे त्यांना. टाळूवर काळा ठिपका, टोपी घालून मशीन स्वतःवर लावून बघितलेलं दिसतंय.

पेन घेऊन ते वर आले तेव्हा त्यांनी जिभेने च्च केलं.

१९ फेब्रुवारी

एकच उपाय सुचला. शुक्रीचा. खोबरेल तेल आणलं, दिपाला खाली बसवलं, टाळू भरली. तोंड सांभाळून. म्हटलं, दिपा, तुझं बाळ आहे. तुझं बाळ आहे, त्याला धर. तेवढंच म्हणत राहिले. तेल आत जात होतं. ओतावं तेवढं जात होतं, बाहेर एक थेंब नाही. बाटली संपली.

तिचा हात हलला. माझ्या जिवात जीव आला.

तिने तो हात वर केला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. टाळूवर. बोटांनी चाचपलं — आरशात मी चाचपलं होतं तसंच —

पेनाचा डाग अजून गेलेला नाही. घासून घासून कातडी गेली, डाग नाही गेला.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

नेलं. शुक्रीने मला चोळीचा खण दिला. मी घेतला. गेटवर तिला सांगणार होते, पोराला एकटं ठेवू नको. शब्द तोंडात होते. निशा बाजूला उभी होती. गाडी सुटली.

बाळ शुक्रीच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होतं.

२२ फेब्रुवारी

डोक्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय.

लावला. मऊ —

२४ फेब्रुवारी, रविवार

भट्टीवर जाऊन आले. सकाळीच निघाले, रिक्षा, मग पायी. वाटभर घोकत होते. शुक्री, सुनेजवळ पोर ठेवू नको. शुक्री, चूक माझी आहे. शुक्री, सुनेजवळ पोर ठेवू नको.

झोपडीपुढे पाण्याचा हौद. माती भिजवायचा. काठ जमिनीला लागून, झाकण नाही. बाळ तिथेच रांगत होतं, हौदापासून दोन हातांवर. दिपा उंबऱ्यात बसली होती. बघत होती.

बाळाला उचलून लांब ठेवलं. ते परत निघालं.

शुक्री विटा टाकून धावत आली, बाय आली, बाय आली. विचारलं, काय गं, एवढ्या उन्हाची?

मी तोंड उघडलं. सांगायचं होतं ते सगळं तोंडात होतं. च्च झालं. मग —

शुक्रीला वाटलं थट्टा. लोळून हसली. म्हणाली, अगदी आमच्या सुनेसारखी बोलतेस की गं. उंबऱ्यातून दिपापण तेच म्हणाली. दोघींचं एकदम आलं. एकच आवाज.

मी परत प्रयत्न केला. तीनदा. तेच निघालं. हौदाकडे बोट दाखवलं, तर तिने मला तांब्या भरून आणून दिला. प्यायले. प्यायले मी. आणि आले.

लिहिता येतंय अजून. म्हणून लिहिते. कागद फाडून शुक्रीला — तिला वाचता येत नाही. भट्टीवर मुकादम वाचेल. हो. उद्या सकाळी —

२५ फेब्रुवारी

मुकादमाला. शुक्रीला वाचून दाखवा. हौद झाका. पोराला दिपाजवळ ठेवू नका, तिला बरं वाटलेलं नाही, तिचं डोकं मी — टोपी मी धुतली, ठिपका मी — तिचा काही दोष नाही, तिच्यातून बोलते ती मी —

हात थांबतोय. अंगठा उडतोय. मशीन नाही इथे.

हौद झाका. बाळ रांगतं. दिपा बघत बसेल, ती धरणार नाही, आताच जाऊन — ऊन झालंय, शुक्री विटांवर गेली असेल — आता जायला हवं — उठायला — पण एवढ्या लांब — एक दिवस नाही गेलं तर — मेला, कोनाला